बोलके ग्रंथ

श्रावण महिना लागला, म्हणजे पूर्वी महाराष्ट्रातील अनेक घरांत व देवळांत पोथी सुरू होत असे. कोठे 'हरिविजय', कोठे 'पांडवप्रताप', तर कोठे 'शिवलीलामृत'. दिवसाची कामे आटोपली, की आळीतील माणसे समईभोवती गोळा होत. वाचणारा एकच असे. ऐकणारे मात्र पुष्कळ असत. त्यांपैकी कित्येकांना अक्षरओळख नसे. कित्येकांची दृष्टी वार्धक्याने मंदावलेली असे. काहींच्या घरी पोथी विकत घेण्याइतका पैसा नसे. तथापि कृष्णाच्या बाललीला आणि पांडवांचा वनवास या सर्वांना तोंडपाठ असत. याचे कारण एवढेच, की गावातील एक मनुष्य आपला आवाज सर्वांसाठी खर्च करीत असे.

ग्रंथ आणि आवाज यांचे नाते मराठीत फार जुने आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ श्रोत्यांसमोर सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, असे परंपरा सांगते. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना आणि शेतात राबताना त्यांच्या मुखातून ओव्या बाहेर पडत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातील इतर माणसे यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी त्या ओव्यांचे पुस्तक निघाले. अशा रीतीने आवाजाचा ग्रंथ झाला. आज जगाच्या अनेक भागांत याच्या उलट दिशेने एक काम चालू आहे. तेथे माणसे ग्रंथाचा पुन्हा आवाज करीत आहेत, आणि तेही मोबदल्याची अपेक्षा न धरता.

हे काम शक्य झाले, ते ध्वनिमुद्रणाच्या शोधामुळे. १८७७ साली थॉमस एडिसन या अमेरिकन संशोधकाने मनुष्याचा आवाज साठवून तो पुन्हा ऐकविणारे यंत्र तयार केले. त्याचे नाव फोनोग्राफ. या यंत्राचे कोणकोणते उपयोग होऊ शकतील, याची एक यादी एडिसनने पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केली. अंध व्यक्तींना वाचून दाखविणारी पुस्तके हा त्यांतील एक उपयोग होता. परंतु ती कल्पना प्रत्यक्षात येण्यास अर्धे शतक लोटले.

पहिल्या महायुद्धात अनेक तरुण सैनिकांची दृष्टी गेली. प्रौढ वयात ब्रेल लिपी शिकणे त्यांच्यापैकी सर्वांनाच साधत नसे. अशांसाठी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत व इंग्लंडात तबकड्यांवर पुस्तके मुद्रित होऊ लागली. इंग्लंडातील तबकडीची एक बाजू सुमारे पंचवीस मिनिटांत संपे. म्हणून एका कादंबरीसाठी सुमारे दहा तबकड्या लागत. १९३५ साली इंग्लंडात निघालेल्या पहिल्या बोलक्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅड या लेखकाच्या 'टायफून' या कथेचा समावेश होता. पुढे तबकडीची जागा ध्वनिफितीने घेतली. आपल्याकडेही १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' या संस्थेने बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय उभारले. कोणी विद्यार्थ्यासाठी इतिहास वाचला, तर कोणी वृद्धांसाठी कादंबरी. वाचणाऱ्याला ऐकणारा दिसत नव्हता आणि ऐकणाऱ्याला वाचणारा. तरीही दोघांमध्ये एक नाते जुळत होते.

पुढे संगणक आणि इंटरनेट आले. आता ध्वनिमुद्रणासाठी मोठ्या यंत्रशाळेची गरज उरली नाही. ही गोष्ट ओळखून कॅनडातील माँट्रियल शहरी राहणाऱ्या ह्यू मॅग्वायर या गृहस्थांनी ऑगस्ट २००५ मध्ये 'लिब्रिव्हॉक्स' या उपक्रमास आरंभ केला. त्यांनी लोकांना आवाहन केले, की ज्याला जमेल त्याने एखाद्या जुन्या पुस्तकाचे एक प्रकरण घरी बसून वाचावे, मुद्रित करावे आणि जगाला देऊन टाकावे. निरनिराळ्या ठिकाणच्या अनोळखी माणसांनी प्रकरणे वाटून घेतली आणि एक संपूर्ण कादंबरी तयार झाली. ती 'द सीक्रेट एजंट' ही कादंबरीही कॉनरॅडचीच होती. इंग्लंडातील पहिल्या तबकड्यांनंतर सत्तर वर्षांनी त्याच लेखकाला पुन्हा नवा आवाज लाभला. त्यानंतर या उपक्रमात हजारो पुस्तके अनेक भाषांतून मुद्रित झाली आहेत. ती कोणालाही विनामूल्य ऐकता येतात.

या कामाची पद्धत मोठी व्यवस्थित आहे. स्वयंसेवक प्रथम एक मिनिटाचे वाचन नमुन्यादाखल पाठवितो. त्यात आवाजाची गोडी पाहिली जात नाही. यंत्रात खरखर नाही ना, आवाज फार बारीक किंवा फार मोठा नाही ना, एवढेच तपासले जाते. मग तो प्रकरण निवडतो. मुद्रण झाले, की दुसरा एक स्वयंसेवक मूळ पुस्तक समोर ठेवून ते अथपासून इतिपर्यंत ऐकतो. ओळ गळली असेल, शब्द दोनदा आला असेल, तर तो तसे कळवितो आणि वाचणारा तेवढा भाग पुन्हा वाचतो. वाचणाऱ्याचे नाव ऐकणाऱ्यांना कळते; तपासणाऱ्याचे नाव मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात राहते. तरीही त्याच्यावाचून काम पुरे होत नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. वाटेल त्या पुस्तकाचे असे ध्वनिमुद्रण करता येईल काय? नाही. शेतकऱ्याचा जसा पिकावर, तसा लेखकाचा आपल्या लेखनावर हक्क असतो. त्यालाच प्रताधिकार किंवा कॉपीराइट म्हणतात. मात्र हा हक्क कायमचा नसतो. भारतातील १९५७ च्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे टिकत असे. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्काची मुदत संपत आली, तेव्हा तो अधिक काळ जपला जावा अशी मागणी झाली आणि १९९२ साली ही मुदत ६० वर्षांची करण्यात आली. लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ही वर्षे मोजतात. ती संपली, म्हणजे ते लेखन सर्व समाजाचे होते.

साने गुरुजींचे उदाहरण घेऊ. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ११ जून १९५० रोजी त्यांचे देहावसान झाले. १ जानेवारी १९५१ पासून मोजता ६० वर्षे २०१० च्या अखेरीस पूर्ण होतात. म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन कोणालाही छापता येते, वाचून मुद्रित करता येते. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी हे दोघेही १९१९ साली वारले. त्यांचे साहित्य तर याहून पुष्कळ आधी मुक्त झाले आहे. परदेशांचे नियम मात्र निराळे असतात. म्हणून ज्या देशातील संस्थेकडे ध्वनिमुद्रण पाठवावयाचे, तेथील नियमही पाहावा लागतो.

अंध व्यक्तींच्या बाबतीत कायद्याने आणखी उदार वाट ठेवली आहे. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी नवे पुस्तकही वाचून मुद्रित करण्याची मोकळीक २०१२ साली आपल्या कायद्यात देण्यात आली. याच हेतूने २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत हाच होता. मात्र अशी मुद्रणे केवळ त्याच वाचकांसाठी असतात. मुक्त झालेला ग्रंथ सर्वांसाठी वाचता येतो, हा दोहोंतील भेद होय.

कायद्याची ही गोष्ट एका गावाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. ठाणे जिल्ह्यात कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळा हे गाव आहे. आज ते कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. जवळून काळू नदी वाहते. येथील महागणपतीचे मंदिर सर्वत्र प्रसिद्ध आहे. याच परिसरात कण्व ऋषींचा आश्रम होता आणि त्यांच्या सांगण्यावरून शकुंतलेने येथे गणेशाची उपासना केली, अशी आख्यायिका गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

या टिटवाळ्यातील एखाद्या मुलीने शकुंतलेची कथा ध्वनिमुद्रित करण्याचे मनात आणले, असे समजू. कालिदासाचे मूळ संस्कृत नाटक प्राचीन आहे. त्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही. परंतु एखाद्या हयात लेखकाने त्याचे मराठी भाषांतर केले असेल, तर त्या भाषांतरावर त्या लेखकाचा हक्क आहे; ते विचारल्याशिवाय घेता येणार नाही. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत छापलेली प्रस्तावना आणि टिपा यांचेही तसेच. मग तिने काय करावे? अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' घ्यावे. ते १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले आणि १८८५ साली अण्णासाहेबांचे निधन झाले. आज ते नाटक साऱ्या महाराष्ट्राचे आहे. चार मैत्रिणी मिळाल्या, तर एकीने शकुंतला व्हावे, एकीने दुष्यंत, एकीने कण्व. उरलेलीने पुस्तक समोर धरून चुका टिपाव्यात. पदे गाता आली नाहीत, तरी ती कवितेसारखी म्हणता येतील.

ग्रंथ ठरला, तरी खरे काम पुढेच असते. पहिली अडचण गोंगाटाची. गाड्यांची ये-जा, चतुर्थीला लोटणारी गर्दी, ध्वनिक्षेपक, शेजारच्या स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज, हे सारे यंत्र इमानाने टिपून ठेवते. म्हणून पहाटेची किंवा दुपारच्या सामसुमीची वेळ निवडावी. खिडक्या लावून घ्याव्यात. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या, गोधड्या आणि कपडे असलेल्या खोलीत तो घुमत नाही. पंखा बंद ठेवावा. मोबाइल तोंडासमोर अगदी जवळ न धरता किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे 'प' आणि 'फ' उच्चारताना श्वासाचा फटकारा बसत नाही. एवढ्या साध्या गोष्टींनी अर्धी अडचण दूर होते.

दुसरी अडचण उच्चारांची. डोळ्यांनी वाचणाऱ्याला शब्द दिसतो. ऐकणाऱ्याला तो केवळ ऐकू येतो. 'जरा' हा शब्द पाहा. तो एका रीतीने उच्चारला तर त्याचा अर्थ 'थोडेसे' असा होतो. 'जीव' या शब्दातील 'ज' प्रमाणे उच्चारला, तर त्याचा अर्थ 'म्हातारपण' असा होतो. लिहिताना दोन्ही सारखेच. 'मन' आणि 'मण' यांत एकाच अक्षराचा फरक; पण एक माणसाच्या अंतरी असते आणि दुसरे तराजूत. जुन्या पुस्तकांत 'घरें', 'पुस्तकें' अशा शब्दांवर अनुस्वार दिसतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळले. जुन्या पुस्तकातील ते टिंब पाहून कोणी नाकातून उच्चार करू लागला, तर ऐकणारा गोंधळून जाईल. म्हणून प्रकरण आधी मनात वाचावे, कठीण शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी, शब्दकोश पाहावा किंवा शिक्षकांना विचारावे, आणि मगच यंत्र सुरू करावे.

वाचन सावकाश असावे, पण रेंगाळणारे नसावे. स्वल्पविरामापाशी थोडे आणि पूर्णविरामापाशी अधिक थांबावे. दुःखाच्या प्रसंगी रडू नये आणि वीररसात ओरडू नये; लेखकाच्या शब्दांतच ते रस असतात. चूक झाली, तर क्षणभर थांबून तेच वाक्य पुन्हा वाचावे. चुकलेला भाग मागाहून कापून टाकता येतो. एक तासाचे वाचन निर्दोष व्हावयास त्याहून कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो, हे आरंभीच मनाशी ठरवावे. आणखी एक गोष्ट. सार्वजनिक केलेला आवाज पुन्हा परत घेता येत नाही. तो कोठेही व कोणाकडूनही वापरला जाऊ शकतो. म्हणून लहान मुलांनी असे ध्वनिमुद्रण आईवडिलांच्या संमतीनेच पाठवावे.

आजचे संगणक छापील मजकूर आपण होऊन वाचून दाखवितात. मग मनुष्याने हे श्रम का घ्यावेत, असे कोणी विचारील. यंत्राचा आवाज निःसंशय उपयोगी आहे. पत्र, वर्तमानपत्र, क्रमिक पुस्तक यांसाठी अंध विद्यार्थी त्याचा रोज उपयोग करतात. परंतु श्यामच्या आईचे रागावणे आणि तिचे कळवळणे यांतील अंतर जाणून वाचणारा मनुष्य वेगळाच. शिवाय पुष्कळ जुनी मराठी पुस्तके पिवळ्या, फाटक्या पानांवरच उरली आहेत. तेथे यंत्राला अक्षर लागत नाही. जाणत्या माणसाला ते लागते.

ऐकणारे तरी कोण असतात? एखादी आजी, जिला आता बारीक अक्षर दिसत नाही. एखादा अंध विद्यार्थी, ज्याला वर्गातील मित्रांबरोबर गडकऱ्यांच्या विनोदावर हसावयाचे आहे. टिटवाळ्याहून मुंबईस कामाला जाणारा एखादा नोकरदार, ज्याला लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडण्याइतकी जागा मिळत नाही. परदेशात वाढणारे एखादे मराठी मूल, ज्याला भाषा समजते पण देवनागरी वाचता येत नाही. यांपैकी अंध विद्यार्थ्याचा विचार विशेष करावयास हवा. वाचणाऱ्याने कंटाळून एक परिच्छेद गाळला, तर डोळस मनुष्य पुस्तक उघडून ताडून पाहील. त्या विद्यार्थ्याला ते करता येणार नाही. गाळलेला परिच्छेद त्याच्यासाठी कधी लिहिलाच गेला नव्हता, असे होईल. त्याने वाचणाऱ्यावर जो विश्वास टाकलेला असतो, तो न मोडणे हेच या सेवेतील खरे कर्तव्य होय. गोड आवाज ही देणगी आहे. प्रामाणिक वाचन मात्र कोणालाही साधता येते.

हक्काची मुदत संपली, की ग्रंथ सर्वांचा होतो, असे कायदा सांगतो. पण जे सर्वांचे, त्याची काळजी पुष्कळदा कोणीच घेत नाही. गावची विहीर सर्वांची असते. तिचा गाळ काढावयास मात्र कोणीतरी उतरावे लागते. जुन्या ग्रंथांचेही तसेच आहे. शकुंतलेच्या कथेत मुद्रिका हरवली आणि राजा तिला विसरला. एका कोळ्याला माशाच्या पोटात ती सापडली, तेव्हा त्याला सारे आठवले. तो कोळी कोणी थोर पुरुष नव्हता. त्याच्या हाती आलेली वस्तू जिथली तिथे पोहोचली, एवढेच. कपाटात विसावलेल्या एखाद्या जुन्या पुस्तकाचे एक प्रकरण लक्षपूर्वक वाचून जगापुढे ठेवणारा मुलगा किंवा मुलगीही तेच काम करीत असते.

स्वाध्याय

१. पूर्वी पोथी वाचणारा आणि आज ध्वनिमुद्रण करणारा स्वयंसेवक यांच्या कामातील साम्य सांगा.

२. एखादा लेखक १९७२ साली निवर्तला असेल, तर त्याचे लेखन कोणत्या तारखेपासून सर्वांचे होईल? हिशेब मांडून दाखवा.

३. कालिदासाचे नाटक मुक्त असूनही त्याचे नवे भाषांतर परवानगीशिवाय का वाचता येत नाही?

४. 'गोड आवाज ही देणगी आहे. प्रामाणिक वाचन मात्र कोणालाही साधता येते.' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.

५. या पाठातील कोणताही एक परिच्छेद वर्गमित्रास मोठ्याने वाचून दाखवा. त्याने पुस्तक समोर ठेवून तुमच्या चुका टिपाव्यात. नंतर तुम्ही त्याच्या वाचनातील चुका टिपा.